पाडण्यापूर्वी पाहावे

फ्रान्सच्या आग्नेय भागात, द्रोम जिल्ह्यातील ओतरीव या लहानशा खेड्यात, एक प्रासाद उभा आहे. आणि त्या प्रासादाच्या भिंतीत, आपल्याकडे जेथे गणपतीची मूर्ती बसवावी तशा एका कोनाड्यात, एक जुनी लाकडी एकचाकी ढकलगाडी मानाने ठेवलेली आहे. राजवाडे आणि गढ्या पाहावयास जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना सिंहासन, दरबार, शस्त्रशाळा अशा गोष्टींची सवय जडलेली असते. त्या गोष्टींतून राज्य कोणाचे होते ते कळते, पण त्या वास्तूचे दगड कोणी वाहिले, चुना कोणी मळला आणि उन्हातान्हात ओळंबा धरून कोण उभे होते, याचा मागमूस बहुधा कोठेच राहिलेला नसतो. ओतरीवच्या प्रासादात राजा आणि पाथरवट, गवंडी आणि हमाल हे सारे एकच मनुष्य होते, म्हणून तेथे सिंहासनाच्या योग्यतेचे स्थान ढकलगाडीला मिळाले. दरवर्षी लाखाहून अधिक लोक ही वास्तू पाहण्यासाठी त्या खेड्यात जातात. अशा वास्तू का पाहाव्यात, आणि ज्यांच्या हाती त्या राखण्याचा किंवा पाडण्याचा अधिकार असतो त्यांनी त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी मला आज काही सांगावयाचे आहे.

हा प्रासाद बांधणारा फेर्दिनां शव्हाल १८३६ साली एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. शिक्षण जेमतेम, तारुण्यात पाव भाजणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी, आणि १८६७ पासून टपालखात्यात बटवड्याची चाकरी. सुमारे तीस किलोमीटरांची फेरी तो रोज पायी करीत असे. इतके चालणाऱ्या माणसाला विचार करण्यावाचून दुसरे काय साधन असणार? त्याने पुढे लिहून ठेवले आहे की त्याच त्या वाटेवरून चालताना तो मनातल्या मनात एक महाल रचीत असे, त्यात मनोरे, गुहा, उपवने, शिल्पे घालीत असे, आणि लोक हसतील या भीतीने ही गोष्ट त्याने वर्षानुवर्षे कोणापाशी उच्चारली नव्हती. ज्या थैलीतून तो दुसऱ्यांचा पत्रव्यवहार वाहत होता त्याच थैलीत त्या काळी नव्यानेच निघालेली सचित्र मासिके आणि चित्रांची पोस्टकार्डे येऊ लागली होती. मिसर, अल्जीरिया, स्वित्झर्लंड, हिंदुस्थान अशा दूरच्या देशांतील देवळे आणि हवेल्या त्या कागदांवरून त्याच्या दृष्टीस पडत. त्याच्या कल्पनेचे ग्रंथालय ते एवढेच.

१८७९ च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, फेरीवर असताना त्याचा पाय एका दगडाला अडखळला. दगड विचित्र आकाराचा होता, म्हणून त्याने तो रुमालात बांधून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच जागी गेला, तेव्हा त्याहून सुंदर दगड त्याला तेथे आढळले; पाण्याने घासून आणि काळाने कठीण करून निसर्गाने जणू अर्धी मूर्ती घडवून ठेवली होती, आणि निसर्ग जर शिल्प करण्यास राजी आहे तर गवंडीकाम आपण पत्करावे, असा निश्चय त्याने केला. आरंभी दगड खिशात आले, मग टोपलीत, मग त्या ढकलगाडीत. दिवसा बटवडा करताना दगडांचे ढीग हेरून ठेवावेत, संध्याकाळी गाडी घेऊन पुन्हा त्या वाटेला जावे, आणि रात्री दिव्याच्या उजेडात, घरामागच्या मळ्यात, चुना आणि सिमेंट कालवून एकेक दगड बसवावा, असा हा क्रम होता. गावाने त्याला वेडा ठरविले. त्याच्या कामाची झीज टपालखात्याला मात्र कधी लागली नाही. १८९६ साली तो निवृत्त होईपर्यंत पत्रे वेळेवर पोचत राहिली, आणि मला वाटते की त्याच्या चरित्रातील ही गोष्ट प्रासादाइतकीच आदराने सांगण्याजोगी आहे.

आता ती वास्तू. लांबी २६ मीटर, उंची दहा मीटरांच्या आसपास, आणि सारा पृष्ठभाग वारुळासारखा, प्रवाळासारखा, कोठेही सपाट जागा न सोडता भरून काढलेला. एकट्या पूर्वेकडील दर्शनी भागालाच वीस वर्षे लागली. त्या बाजूला झरे आहेत, गुहा आहेत, एक मिसरी थडगे आहे, आणि सीझर, गॉल सरदार व्हेर्सिंजेतोरिक्स व आर्किमिडीज असे तीन उंच राक्षसी पुरुष प्रासादाचे द्वारपाल होऊन उभे आहेत. पश्चिमेकडे मशीद, स्वित्झर्लंडमधले लाकडी घर, अमेरिकेच्या अध्यक्षांचे श्वेतभवन, अल्जीरियातील चौकोनी वाडा आणि मध्ययुगीन किल्ला अशी चिमुकली रूपे एका ओळीत आली आहेत. आणि त्याच ओळीत एक हिंदू मंदिर आहे. मराठी वाचकाने तेथे गेल्यावर या मंदिरापाशी थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. शिल्पशास्त्राच्या कसोटीला ते उतरणार नाही. त्याचे शिखर नागर म्हणावे की द्राविड, हा प्रश्नच तेथे गैरलागू ठरतो. पण ज्याने हिंदुस्थान कधी पाहिला नाही, ज्या देशाची भाषा किंवा देवता त्याला ठाऊक नव्हत्या, त्या देशाच्या उपासनेला एका ख्रिस्ती खेड्यातील टपालवाल्याने आपल्या स्वप्नात मशिदीच्या आणि किल्ल्याच्या शेजारी समान जागा दिली. युरोपातील राज्ये आशिया आणि आफ्रिकेत वसाहतींचे नकाशे आखीत होती, त्याच दशकांत हे घडले. या मंदिरामागे मालकीची इच्छा नाही, संग्रहालयात नेऊन ठेवलेली लूट नाही. एका चित्राकडे पाहून वाटलेला अचंबा तेवढा आहे, आणि तो दगडाचे ओझे वाहून फेडलेला आहे.

बांधकामाच्या दृष्टीनेही हे काम खुळचट नाही. आतून लोखंडी तारा व सळ्या आणि बाहेरून चुना, सिमेंट व दगड अशी त्याची पद्धत होती. सलोह काँक्रीट ही तेव्हा नुकती पुढे येत असलेली युक्ती होती, आणि ती या माणसाने कोणत्याही विद्यालयात न जाता स्वतःच्या मळ्यात हाताळली. पाया पुरेसा आणि सांधे घट्ट असल्यावाचून इतका जड आणि इतका नक्षीदार डोलारा शंभरांहून अधिक वर्षे ऊनपावसात टिकला नसता.

१९१२ साली काम पुरे झाले तेव्हा त्याने भिंतीवर आपला जमाखर्च कोरला: दहा हजार दिवस, त्र्याण्णव हजार तास, तेहतीस वर्षांची तपश्चर्या. मी हा हिशेब पडताळून पाहिला. तेहतीस वर्षांचे दिवस बारा हजारांच्या किंचित वर भरतात. त्यांपैकी दहा हजार दिवस, दर दिवशी नऊ तासांहून थोडे अधिक, हे काम चालले होते, आणि त्यातील पहिली सतरा वर्षे चाकरी सांभाळून. रोज पत्रांची मोजदाद करणाऱ्या माणसाने आयुष्याचीही मोजदाद तितक्याच काटेकोरपणे भिंतीवर मांडून ठेवावी, यात मला फार मोठे सौंदर्य दिसते. बादशहांच्या शिलालेखांत मुलूख किती जिंकला आणि शत्रू किती मारले याचे आकडे असतात. येथे तास आहेत.

या तासांच्या मध्यावर एक मृत्यू आहे. त्याची मुलगी ॲलीस, प्रासादाला आरंभ झाला त्याच वर्षी जन्मलेली, १८९४ साली पंधराव्या वर्षी गेली. तरी काम थांबले नाही. शेवटी आपल्याला याच वास्तूत पुरावे अशी त्याची इच्छा होती. परंतु कायद्याने ती मानली नाही. सत्तरीच्या शेवटास पोचलेल्या त्या म्हाताऱ्याने तक्रारअर्जांत आयुष्य दवडले नाही. त्याने गावच्या दफनभूमीत जागा मिळविली, पुन्हा ढकलगाडी बाहेर काढली आणि आठ वर्षे खपून त्याच धाटणीचे थडगे बांधले. ते १९२२ साली पुरे झाले. १९२४ च्या ऑगस्टमध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो त्यात विसावला. प्रवाशांनी प्रासाद पाहून परत फिरू नये, दफनभूमीपर्यंत जावे.

कलावंतांना या कामाची किंमत आधी कळली. अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रताँ १९३१ साली तेथे गेला, माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने टपालवाल्याच्या नावाने चित्र केले, पिकासोने रेखाटने केली. सरकारी दफ्तराला मात्र पुष्कळ उशीर लागला. सांस्कृतिक खात्यातील तज्ज्ञ अंमलदारांनी १९६० नंतरच्या वर्षांत या वास्तूवर जो शेरा मारला त्याचा आशय, हे सारे विद्रूप आहे आणि एका गावंढळाच्या डोक्यातील गोंधळ आहे, असा होता. अखेर आंद्रे मालरो या विद्वान मंत्र्याने आपल्याच खात्याचा अभिप्राय बाजूस सारून आग्रह धरला, आणि १९६९ साली हा प्रासाद राष्ट्राच्या ऐतिहासिक स्मारकांच्या यादीत दाखल झाला.

या घटनेतील वर्षांकडे लक्ष द्यावे. काम १९१२ मध्ये संपले, संरक्षण १९६९ मध्ये मिळाले. म्हणजे वास्तूचे वय सत्तावन्न वर्षांचे. आपल्या देशात १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा जो केंद्रीय कायदा आहे, त्याच्या व्याख्येत बसण्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षे अस्तित्वात असावी लागते. शतकाची ही अट दुर्ग, लेणी आणि मंदिरे यांच्यासाठी योग्यच आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण एका माणसाने स्वतःच्या हातांनी, परवान्यावाचून, नकाशावाचून उभारलेली वास्तू पहिली शंभर वर्षे कोणाच्या भरवशावर काढणार? बांधणारा मरतो, वारसांत वाटण्या होतात, जमिनीचा भाव चढतो, आणि सातबाऱ्यावर, मोजणीच्या नकाशात किंवा बिनशेतीच्या परवान्यात तिचा उल्लेख नसल्यामुळे ती एकाच रकान्यात जाऊन पडते: अनधिकृत इमला. त्या रकान्यापुढचा हुकूम छापीलच असतो.

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरातील वॉट्स या वस्तीत सायमन रोडिया नावाच्या इटलीहून आलेल्या मजुराने १९२१ पासून १९५४ पर्यंत, म्हणजे योगायोगाने तेहतीसच वर्षे, एकट्याने मनोरे उभारले; सर्वांत उंच मनोरा तीस मीटरांचा. लोखंडी सळ्या, तारेची जाळी आणि सिमेंट, त्यात फुटक्या कौलांचे, बाटल्यांचे, काचेचे आणि शिंपल्यांचे तुकडे. तो गाव सोडून गेल्यावर नगरपालिकेने मनोरे धोकादायक ठरवून पाडण्याचा हुकूम काढला. नागरिक उठले, त्यांनी ती जागा विकत घेतली, आणि प्रश्न भावनेवर न सोडता परीक्षेवर आणला: १० ऑक्टोबर १९५९ रोजी मनोऱ्याला दहा हजार पौंडांचा ताण देऊन ओढून पाहण्यात आले. मनोरा जागचा हलला नाही. ताण देणारी यंत्रसामग्रीच वाकू लागली. हुकूम रद्द झाला. अनधिकृत बांधकाम कोसळून माणसे मरतात, सबब भावनेला जागा नाही, असे जे अधिकारी म्हणतात त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याला उत्तर वॉट्सच्या त्या दिवसाने दिले आहे. धोका आहे म्हणता, तर मोजा. मोजल्यावर धोका ठरला, तर मीही पाडण्याच्या बाजूने उभा राहीन.

आपल्या देशातही या विषयाचा एक थोर दाखला आहे, आणि तो ज्या शहरात घडला त्या शहरामुळे अधिकच अर्थपूर्ण ठरतो. चंडीगढ हे ल कॉर्ब्युझिए या स्थापत्यकाराने आखलेले, जेथे प्रत्येक सेक्टरला क्रमांक आणि प्रत्येक भूखंडाला नेमलेला उपयोग आहे असे शहर. आणि त्याच शहराच्या बांधकाम खात्यात नेकचंद नावाचा रस्तेनिरीक्षक होता, फाळणीत पश्चिम पंजाबातील आपले गाव गमावून आलेला. सुखना तलावाजवळच्या ओहोळात, जेथे कोणतेही बांधकाम करण्यास मनाई होती अशा राखीव जंगलात, त्याने १९५७ च्या सुमारास काम सुरू केले. शहर उभे करण्यासाठी जी खेडी उठविली गेली त्यांच्या मोडतोडीतून फुटक्या बांगड्या, चिनी मातीच्या बशांचे तुकडे, भट्टीतील खंगर आणि नदीकाठचे दगड तो सायकलवरून नेई, आणि त्यांतून त्याने भिंती, चौक, धबधबे, माणसे, पशू यांचे एक राज्यच वसविले. अठरा वर्षे हे काम गुप्त राहिले. १९७५ साली ते उघडकीस आले तेव्हा ते बारा एकरांपर्यंत पसरले होते, आणि कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्याची चाकरी जाऊन काम जमीनदोस्त व्हावयास हवे होते. सुदैवाने आधी पाहावयास गेलेल्यांमध्ये जाणती माणसे होती. १९७६ साली ते लोकांसाठी उघडण्यात आले, नेकचंदला त्याच कामावर पगारी नेमणूक आणि पन्नास मजूर मिळाले, १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे १९९० च्या सुमारास बागेचा काही भाग तोडण्यास यंत्रे आली, तेव्हा चंडीगढचे नागरिक हातात हात धरून त्यांच्या आडवे उभे राहिले. २०१५ साली, नव्वदीत, नेकचंद वारला. त्याची बाग आज सरकारी नकाशांत, माहितीपुस्तकांत आणि प्रवाशांच्या मुक्कामपत्रिकेत आहे. ज्या जागेवर तिचे असणे हाच गुन्हा होता, तीच जागा आज शहराची ओळख सांगते.

महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय परका वाटू नये. हाताने किल्ला बांधणे ही कल्पना आपल्या मुलांच्या रक्तात आहे. दिवाळी आली की अंगणात, वाड्याच्या चौकात, आता इमारतीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात, विटा आणि दगड रचून, त्यांवर भिजलेले गोणपाट टाकून, चिखलाने लिंपून, आळीव पेरून मुले गड उभारतात. शेजारपाजारचे लोक तो पाहावयास येतात, आणि बांधणारी मुले बुरूज कोठला, चोरवाट कोठली, तळे कोठले हे त्यांना सांगतात. पाहणारा कितीही मोठा असला तरी त्या घटकेला तो पाहुणा असतो आणि मातीने माखलेला आठ वर्षांचा मुलगा किल्लेदार. ही रीत आपल्याला ठाऊक आहे. मग तोच मुलगा चाळीस वर्षांचा झाल्यावर, बायको-मुले आणि पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, तसाच गड खऱ्या दगडांत बांधू लागला, तर आपण त्याला खुळा का म्हणतो आणि तलाठ्याला का बोलावतो?

उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातील एका खेड्यात एका निवृत्त पोस्टमास्तराने, म्हणजे शव्हालच्याच खात्यातील एका वडीलधाऱ्या माणसाने, पत्नीच्या मृत्यूनंतर आपल्या शेतात तिच्या कबरीवर लहानसा ताजमहाल बांधावयास घेतला. संगमरवरासाठी पैसा पुरला नाही. लोकांनी देणगी देऊ केली ती त्यांनी घेतली नाही. उलट स्वतःची जमीन मात्र मुलींच्या शाळेला दिली. २०१८ साली अपघातात ते वारले आणि पत्नीशेजारीच त्यांना पुरण्यात आले. शव्हालला जे नाकारले गेले ते त्यांना लाभले. ती वास्तू त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही, आणि माझी अशी धारणा आहे की अशा ठिकाणी अपुरेपण हेच सर्वांत अधिक निरखून पाहण्यासारखे असते, कारण हात नेमके कोठे थांबले ते तेथे दिसते.

अशा वास्तू पाहण्याची रीत राजवाडे पाहण्याच्या रीतीहून वेगळी असावी लागते. राजवाड्यात आपण अंतर राखून वैभव पाहतो. येथे जवळ जाऊन सांधे पाहावेत, थापीचे व्रण पाहावेत, खालच्या थरातील अननुभवी हात आणि वरच्या थरातील मुरलेला हात यांतील फरक शोधावा. प्रवेशशुल्क असेल तर ते घासाघीस न करता द्यावे. डागडुजीचा चुना त्यातूनच येतो. सह्याद्रीच्या गडांवर खिळ्याने नावे कोरण्याची जी दुष्ट खोड आपल्याला जडली आहे ती येथे तर अक्षम्य आहे, कारण ज्या दगडावर आपण ओरखडा काढतो तो एका माणसाने रात्रीच्या काळोखात कित्येक कोस वाहून आणलेला असतो.

सरकारकडे माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक जिल्ह्यात, एका व्यक्तीने स्वहस्ते उभारलेल्या अशा वास्तूंची एक वेगळी नोंदवही असावी. तीत नोंद होण्यासाठी शंभर वर्षांची अट नसावी. आणि नोंद असलेल्या वास्तूविषयी पाडण्याचा हुकूम काढण्यापूर्वी एका स्थापत्य-अभियंत्याने तिची मजबुती तपासावी, एका जाणत्या कलावंताने ती प्रत्यक्ष पाहून अभिप्राय द्यावा, आणि बांधणारा जिवंत असेल तर त्याची कैफियत लिहून घ्यावी. शव्हालने आपली हकीकत १८९७ साली द्रोम जिल्ह्याच्या दफ्तरदाराला पत्राने कळविली होती, आणि त्या दफ्तरातील कागदामुळे त्याचे स्वप्न आज आपल्याला त्याच्या शब्दांत कळते. आपल्या दफ्तरांतही अशा कागदांना जागा असावी.

वाचकाला एवढेच सांगतो. आपल्या पंचक्रोशीत असा कोणी मनुष्य असेल, डोंगराच्या उतारावर, शेताच्या बांधापाशी किंवा घरामागच्या परड्यात वर्षानुवर्षे दगडावर दगड ठेवीत असेल, तर येत्या सुटीत मुलांना घेऊन त्याच्याकडे जा, आणि त्यालाच वास्तू दाखवावयास सांगा.